मेण्याचा चौथा भोई

पालमच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुकेशनी बाईंनी वेठबिगारांच्या जगण्याचं प्रदर्शन मांडलं होतं. जातं, चाबूक, पायातल्या बेड्या, अन् मधोमध टेकूंवर देशमुखांचा मेणा. त्याच्या दांड्याखाली मातीचे चार भोई उभे राहायचे होते. एक टेम्पोतून उतरवताना फुटला, अन् सटवाजीचं फावलं.

सटवाजी म्हणजे सत्तरी उलटूनही लोकांच्या तेराव्याला गुदगुल्या करणारा माणूस. निजामाच्या काळात त्याचा आजा याच मेण्याचा भोई होता. वेठीवरचा, फुकटातला.

"बाई, अप्पाराव देशमुख बघायला येयलेत ना? मी ऱ्हातो चौथा. जवळ आले की शिंकतो."

"बाबा, मेणा त्यांनीच दिलाय. पळाले तर परत नेतील."

"आधी पळू तर द्या."

बाई शाळेतल्या, हसायलाही मधल्या सुट्टीची वाट बघणाऱ्या. त्या चहा सांगायला गेल्या. सटवाजीनं अंगाला माती फासली अन् रिकाम्या मेण्याला खांदा लावला. वर पत्रा तापून टकटक वाजत होता. जुन्या सरकीचा वास येत होता.

मग अत्तराचा वास आला.

दांडा करकरला. कुणी आत बसावं तसा मेणा कलला अन् वजन खांद्यावर आलं. सटवाजी निसटायला बघू लागला, पण खांदा सुटेना. पुढच्या भोयाच्या मातीच्या मानेवर घाम होता.

आजा सांगायचा, वेठीच्या मेण्याखालून माणूस आपणहून निघत न्हाई, दुसऱ्यानं खांदा दिला तरच निघतो. आज्याचा भाऊ असाच, खांद्याची वाट बघत, दांड्याखाली उभ्याउभ्या मेला होता.

अप्पाराव आत आले. "सटवाजी, बास कर. तुला वळखतो मी."

"अप्पासाहेब... खांदा द्या."

"दिला की चिमटा काढशील."

"न्हाई काढत... लय दम लागलाय. तुमच्या घरच्यानं कदी दिला न्हाई, ठावं हाय मला... तरी द्या."

सटवाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. अप्पारावांनी चष्मा खिशात ठेवला, वाकले, अन् दांड्याखाली शिरले.

सटवाजी मोकळा झाला. वजन अप्पारावांच्या खांद्यावर आलं. मेण्यात कुणी म्हातारं खोकलं. मेणा सावकाश कलला, दांडा हलका झाला अन् खांदा सुटला. कुणीतरी उतरलं होतं.

दोघं बाहेर आले. अप्पारावांनी मोटारसायकलवर बसून ती चालू केली, सटवाजी समोर उभा होता. थोड्या वेळानं मागची सीट हळूच दबली.

"सटवाजी..." त्यांनी मान न वळवता विचारलं, "मागं कोण बसलंय?"

"मला काय इचारता? तुमच्याच घरचं हाय."

गाडी चालू होती. अप्पारावांनी बराच वेळ गिअर टाकला नाही.