डबल केलेला आवाज

निमित्त एवढंसं होतं. नवरा गिटारच्या तारांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर विसरून गेला आणि सासूबाई म्हणाल्या, "तू नेऊन दे गं, तेवढेच पाय मोकळे होतील." लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले. पाय मोकळे करायची संधी कुठली नवी सून सोडते? ती निघाली.

स्टुडिओ एका छापखान्याच्या तळघरात होता. बाहेर दुपारचं लख्ख ऊन. जिना उतरला की थेट रात्र. भिंतींना काळा स्पंज, पायाखाली जाड गालिचा आणि ओल्या लोकरीसारखा कोंदट वास. दार लागलं की कानांत दडे बसायचे. स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येई.

आत सगळे तोंडं पाडून बसले होते. नवऱ्याच्या बँडचा पहिला अल्बम, त्यातलं शेवटचं गाणं, स्टुडिओ आजच्यापुरताच हातात. आणि साथीला गाणाऱ्या नणंदेचा घसा पार बसलेला.

"वहिनी, तूच गा," नणंदेच्या तोंडून आवाजाऐवजी नुसती हवा आली. "तू बाथरूममध्ये गातेस. मी ऐकलंय."

"मीही ऐकलंय," बँडचा ड्रमर म्हणाला. त्याला सगळे ढोल्या म्हणत. "रविवारी चहाला आलो होतो. गाणं छान, चहा पांचट."

नवऱ्याने अजिजीने पाहिलं. "एकच ओळ आहे गं. अल्बम अडलाय."

चार माणसांत 'नको' म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. सासरी तर तिच्यापेक्षा फ्रीज जास्त बोलायचा. ती काचेपलीकडच्या खोलीत गेली.

रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समजावून सांगितलं. "आधी एकदा गायचं. मग तोच टेक मी कानात ऐकवीन, त्याच्यावर पुन्हा तस्संच गायचं. दोन्ही आवाज एकावर एक बसले की आवाज भरदार होतो. याला डबल करणं म्हणतात. स्वतःच्या मागे मागे जायचं, बस."

पहिला टेक बरा झाला. 'दार उघडं ठेव, मी येतेच आहे.' शेवटचा सूर मात्र तिला पेलला नाही, काठावरच सुटला.

"हरकत नाही," कानात काका म्हणाले. "दुसऱ्यात सावरून घेऊ."

दुसऱ्या वेळी कानात तिचाच आवाज सुरू झाला. ती त्याच्या मागे मागे गात गेली. शेवटचा सूर आला, तिचा सुटला... पण कानातला सुटला नाही. तो तसाच लांबत राहिला. लांबत राहिला...

"काका, तुम्ही तो सूर वाढवलात का?"

"मी? मी कशालाही हात लावला नाही. पुन्हा घेऊ."

काचेपलीकडे सगळे खाली माना घालून ऐकत होते. संगीत सुरू झालं. ओळ यायच्या जरासं आधी, अगदी कानाच्या पाळीपाशी, तिच्याच आवाजात कुणीतरी हळूच म्हणालं,

"तू राहू दे... मी गाते."

तिचे ओठ मिटले ते मिटलेच. ओळ कानात पूर्ण झाली. शेवटचा सूर असा लागला, की तिच्या अंगावर काटा आला.

काचेपलीकडे नवरा उठून उभा राहिला होता. ढोल्या टाळ्या वाजवत होता. ती बाहेर आली.

"अगं, हे लपवून कुठे ठेवलं होतंस?" नवरा म्हणाला.

"मी नाही गायले."

"हो हो, भूत गायलं," ढोल्या म्हणाला. सगळे हसले.

काका संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. "हा टेक एकटाच भक्कम आहे. डबल करायची गरज नाही. पहिला कच्चा आहे, काढून टाकतो. चालेल ना, सूनबाई?"

त्या पहिल्या, काठावरच सुटणाऱ्या आवाजात तिचा जन्म गेला होता. तो पुसू देऊ नये, एवढं तिला एकाएकी लख्ख कळलं. का, ते कळलं नाही. 'नको' ओठांपर्यंत आलं. सगळे खुशीत होते, नवऱ्याचा हात खांद्यावर होता... ती क्षणभर थांबली.

काकांनी बटण दाबलं.

घशात काहीतरी अलगद निसटलं, मोत्याचा सर तुटावा तसं. तिने बोलायला तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही.

"काय गं? बोल की," नवरा म्हणाला.

"काही नाही," तिचं तोंड म्हणालं. आवाज भरदार, गोड होता. "छान झालं. आता निघू या."

नणंदेने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. काकांनी आवरतं घेतलं, एकेक माईक बंद केला. शेवटच्या माईकपाशी त्यांचा हात थबकला. हेडफोनचा एक कान त्यांनी दाबून धरला.

"आत कुणी राहिलंय का?"

सगळ्यांनी काचेतून पाहिलं. रिकामी खोली, रिकामं स्टूल.

"गंमत आहे," काका हळूच म्हणाले. "बाईचा आवाज आहे. अगदी बारीक. 'अहो, थांबा ना' असं काहीतरी म्हणतेय..."

ती मी आहे, असं तिला सांगायचं होतं. जीव एकवटून तिने नवऱ्याची बाही धरली.

"कुणी नाही, काका," तिचं तोंड हसून म्हणालं. "बंद करा."