पांढऱ्या पडद्यावरची खुर्ची

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ज्या खोलीत ती घडली, त्याच खोलीत बसून सांगते आहे.

गाव इलोइलो, फिलिपिन्समधलं. मोलोच्या चर्चमागची गल्ली. दिवस मे महिन्याचे, पत्रे तडतडतील असं ऊन. आणि वेळ दुपारची.

भुतांना रात्रच लागते, असं मलाही तोवर वाटायचं.

माझं नाव अरासेली. सगळे सेली म्हणतात. हॉंगकॉंगला परक्यांची म्हातारी माणसं सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. परत आले तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि लग्नाचा विचारही डोक्यात नव्हता. तेवढ्यात दुलोनं विचारलं.

दुलो म्हणजे तेओदुलो. जहाजाच्या इंजिनात आयुष्य काढून निवृत्त झालेला. हसरा, बोलघेवडा, केसांना कायम सुवासिक तेल. त्याची पहिली बायको सिमांग वारली होती.

"झोपेतच गेली बिचारी," असं म्हणून तो छातीवर क्रूसाची खूण करायचा.

मला वाटलं, हळव्या मनाचा माणूस आहे.

घरात शिरलं की आधी दिसायचा तो टीव्ही. प्लाझ्मा. अर्धी भिंत व्यापलेला. शेवटच्या सफरीहून परतल्यावर दुलोनं हौसेनं घेतलेला. आणि त्याच्यासमोर वेताची एक उंच पाठीची खुर्ची.

त्या खुर्चीत दुलो कधी बसायचा नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला तो डाग दिसला. बातम्या चालू होत्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावर फिकट करडा बदाम होता... पत्त्यांतला असतो तसा. मी चॅनेल बदललं. मुष्टियुद्ध लागलं. दोघा खेळाडूंच्या मधोमध तोच बदाम. नीट पाहिलं तर बदामात दोन डोकी. खाली दोन छोट्या चौकटी.

"दुलो, हे काय आहे रे?"

"म्हातारा झालाय तो. तुझ्यासारखाच."

"मग दुरुस्त करून घे. मला तरी कोण करणार?"

तो हसला. पण हसताना त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं... तो कधीच पाहायचा नाही. टीव्ही चालू असला तरी तिरका बसायचा.

मी बाजाराजवळच्या रुएलला बोलावलं. टीव्ही दुरुस्त करता करता गाणी म्हणणारा, तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा पोरगेला माणूस. त्यानं पडदा लावला, दोन पावलं मागे सरकला आणि शीळ घातली.

"मनांग," तो म्हणाला, म्हणजे ताई, "हा प्लाझ्माचा जुना आजार. एकच चित्र फार वेळ ठेवलं की काचेमागचा थर तेवढाच झिजतो. थोडा वेळ ठेवलं तर नुसती सावली उरते, ती जाते. पण हे बघा, हे भाजलंय. चित्र गेलं, व्रण राहिला."

"कसलं चित्र?"

"लग्नाच्या वाढदिवसाची डिस्क असणार. बदामात नवरा-बायको, खाली 'सुरू करा' आणि 'भाग निवडा'ची बटणं. फिल्म संपली की हे पान परत येतं आणि तसंच राहतं. कुणी बटण दाबेपर्यंत."

"इतका डाग पडायला किती वेळ लागतो?"

"रोज, दिवसभर, महिनोन्‌महिने." तो हसला. "एवढं कोण बघत बसलं होतं हो?"

"तुझं काम कर," दुलो दारातून म्हणाला.

रुएलचं हसू तिथेच थांबलं.

त्यानं पडद्याचा उजेड कमी केला. एक डिस्क घातली. तिच्यात काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा. म्हणाला, "दिवसभर असंच चालू द्या. बाकीची काचही तेवढीच झिजली की डाग त्यात मिसळून जाईल."

मी तसंच केलं. दुलो सकाळी कोंबड्यांच्या झुंजीला निघून जायचा. मी घरात एकटी. भिंतीवर तो पांढरा चौकोन, त्याला आवाज नाही. फक्त प्लाझ्माची असते तशी बारीक गुणगुण.

बदाम खरंच पुसट होत गेला. मला बरं वाटलं.

मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मी वर पाहिलं...

पडद्यावर दुसरंच काहीतरी उमटत होतं.

उभा, वर गोल झालेला आकार. त्यावर जाळीसारखी नक्षी. मी जवळ गेले. हात फिरवला. काच गरम होती.

मागे वळले आणि हातातलं सूप खाली पडलं.

ती नक्षी वेताची होती. ती माझ्या मागचीच खुर्ची होती.

आणि पडद्यावरच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं. मान एका बाजूला कललेली.

रुएलनं सांगितलं होतं, पडदा जे दाखवतो त्याचा व्रण राहतो. पण हे त्या पडद्यानं कधी दाखवलं नव्हतं.

हे त्याच्या समोर होतं.

मी टीव्ही बंद करायला धावले. तेवढ्यात दारात शेजारच्या मनांग दितास दिसल्या. हातात पानात बांधलेल्या गोड भाताची थाळी. उंबरठ्यावरच खिळल्या होत्या.

"इंदाय," त्या म्हणाल्या. आमच्याकडे थोरल्या बायका धाकटीला लाडानं असंच म्हणतात. "ते गाणं पुन्हा का लावलंस?"

"कुठलं गाणं? आवाज बंद आहे, मनांग."

"नीट ऐक."

मी ऐकलं. ती गुणगुण... सपाट नव्हती. वर जात होती, खाली येत होती. मध्येच तुटायची. परत पहिल्यापासून.

आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मनांग दितास रुमाल चुरगाळत सांगू लागल्या.

"सिमांगला झटका आला होता. डावं अंग गेलं, वाचा गेली. हा सकाळी तिला त्या खुर्चीत बसवायचा, डिस्क सुरू करायचा, बाहेरून कुलूप घालायचा. कोंबडा काखेत मारला की चालला. फिल्म संपायची. मग गाण्याचा तेवढाच तुकडा. परत. परत. परत. दिवेलागणीपर्यंत."

"तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

"विचारलं होतं गं. म्हणाला, तिला आवडतं ते. बंद केलं की रडते. मग एकदा तो बाकोलोदला गेला, मोठ्या झुंजीला. बोटीनं. त्या खेपेला गाणं रात्रीही थांबलं नाही. दुसरा दिवस उजाडला, तरी चालूच. मी दार वाजवलं, भलंमोठं कुलूप. वाटलं, तिच्यापाशी आत कुणी बाई ठेवली असेल. दुपारी गल्लीतली वीज गेली... गाणं थांबलं. वीज परत आली, गाणं नाही आलं."

"आणि?"

"आणि हा आल्यावर फादरना बोलावणं गेलं. झोपेत गेली म्हणे. हाच महिना होता. असंच ऊन."

मी म्हातारी माणसं सांभाळलेली बाई. तहानेनं ओठ कसे फाटतात, जीभ कशी लाकूड होते, हे मला कुणी सांगायला नको.

संध्याकाळी दुलो आला. खुशीत होता, कोंबडा जिंकला होता.

मी सरळ विचारलं, "बाकोलोदला गेलास तेव्हा तिला पाणी कोण देत होतं?"

त्याचं हसू तोंडावरच वाळलं. पण चिडला नाही.

"पेला भरून ठेवला होता मी. शेजारीच. स्टुलावर."

"कुठल्या हाताला?"

तो बुटांचे बंद सोडायला वाकला.

"दुलो. कुठल्या हाताला?"

त्यानं उठून टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. खुर्ची उचलली, तिचं तोंड भिंतीकडे केलं. मग खोलीत जाऊन पडला.

सकाळी खुर्ची पडद्यासमोर होती.

त्याला वाटलं मी केलं. मला वाटलं त्यानं केलं. एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं तेव्हा कळलं, दोघांनीही नाही.

"परसात नेऊन जाळतो तिला," तो म्हणाला. रॉकेल आणलं, पण खुर्चीला हात लावायला धजेना. मग मलाच म्हणाला, "तू ने ना, सेली. तुझ्याशी तिचं काय वाकडं आहे?"

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं, तिचं वाकडं कुणाशी आहे ते.

"माझं काही नाही," मी म्हणाले, "म्हणूनच मी मध्ये पडणार नाही."

मी चर्चमध्ये गेले. फादरना गाठायचं, घरावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, आणि जमलं तर त्याच्या तोंडून सगळं वदवून घ्यायचं, असं मनात होतं. निघताना तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. एवढा उंच माणूस, पण आईचा हात सुटलेल्या पोरासारखा दिसला.

"लवकर ये," म्हणाला.

फादर गावाला गेले होते. मी उलट पावली परतले. भर दुपार, गल्लीत कुत्रंही नव्हतं.

घर दिसायच्या आधीच ऐकू आलं...

ते गाणं. आता गुणगुण नव्हती. मोठ्यानं, बासरी आणि गिटार. तुटलं. परत पहिल्यापासून.

दार आतून नुसतं लोटलेलं होतं.

वायर जमिनीवरच पडलेली होती. काल त्यानं उपटली होती तशीच.

आणि पडदा चालू होता. पांढराशुभ्र. त्यावर खुर्चीचा करडा आकार, वेताची नक्षी, सगळं स्पष्ट.

फक्त खुर्ची रिकामी होती.

पडद्यावरची.

समोरच्या खुर्चीत दुलो बसला होता. मान डावीकडे कललेली. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. डोळे उघडे, पडद्यावर खिळलेले. तो जिवंत होता. सगळं पाहत होता. हलू शकत नव्हता.

त्याच्या डाव्या हाताशी स्टूल होतं. स्टुलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला.

मी ठेवला नव्हता.

मी किंचाळले तशी गाणं थांबलं आणि पडदा काळा झाला. मनांग दितास धावत आल्या. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका, डावं अंग गेलं, वाचा गेली. वय, उन्हाळा, रक्तदाब. होतं असं.

टीव्ही मी रुएलला फुकट देऊन टाकला. दोन दिवसांनी तो सायकलवरून आला.

"मनांग, डाग कुठे आहे? मी पांढरा लावला, निळा लावला, लाल लावला. पडदा नव्यासारखा आहे. भाजलेला डाग असा जात नाही हो कधी."

"विकून टाक," मी म्हणाले. "लांब कुठेतरी."

खुर्ची जाळली. मीच जाळली. कोरड्या वेताची खुर्ची, पण पेटायला फार वेळ लागला.

आता दुलो चाकांच्या खुर्चीत असतो. मी त्याला न्हाऊमाखू घालते, पेज भरवते, उजव्या हाताशी पाणी ठेवते. मला ती सवय आहे. सकाळी ओसरीत बसवते, रस्त्याकडे तोंड करून. जरा आत गेले की चाकांचा आवाज येतो... आणि बाहेर येऊन बघावं तर तो बैठकीत असतो. रिकाम्या भिंतीसमोर. डोळ्यांतून पाणी गळत असतं. भिंतीवर फक्त खिळे आहेत. पण त्याची बुबुळं हलतात. काहीतरी बघत असल्यासारखी. संपतं, आणि परत पहिल्यापासून.

मागच्या रविवारी माझ्या बहिणीच्या नातीचा बाप्तिस्मा होता, गिमारासला. बोटीनं पलीकडे, एका रात्रीचा मुक्काम. मनांग दितासची भाची दुलोपाशी थांबणार होती. ती सकाळी यायची होती, आली नाही. मी पिशवी भरून स्वयंपाकघरात उभी, जावं की नको अशा विचारात.

तेवढ्यात बैठकीतून आवाज आला.

बाईचा. वयस्क, शांत. मी आयुष्यात कधी न ऐकलेला.

"जा गं इंदाय. मी आहे ना त्याच्याजवळ."

मी धावत बाहेर आले. खोलीत दुलोशिवाय कुणी नव्हतं. त्याचे ओठ मिटलेले. डोळे मात्र भिंतीवर नव्हते. पहिल्यांदाच माझ्याकडे होते, फाटतील इतके मोठे. आणि चांगल्या हातानं त्यानं चाक घट्ट धरून ठेवलं होतं.

मी त्या दिवशी गेले नाही.

पण कुणाला सांगितलेलं नाही ते तुम्हाला सांगते... पिशवी हातात धरून मी दाराशी खूप वेळ उभी होते.