नकुशीचे मऊ शॉकअप

बसा असे कंदिलाजवळ. लाइट आली की तुमच्या गाडीचं वेल्डिंग करून देतो, तोवर ती काही हलत नाही आणि तुम्हीही. पण त्या फळीवरची मऊ शॉकअपची जोडी मागू नका. ती बिरदेवची आहे. आज येईलच तो न्यायला.

यवतला हायवेकडेला हे गॅरेज टाकून माझे केस पांढरे झाले. भुताखेतांचं कुणी काढलं की मी हसायचो. गाडीत आवाज आला तर बुश गेला असेल, एवढंच माझं भूत.

बिरदेव वरवंडकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. बापानं मेंढरं कमी करून शेती धरली, यानं जुनी जड पिकप घेतली. भाजी, बकरी, कडबा, मिळेल ते तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला पोचवायचा. थट्टेखोर गडी. माझ्या टकलावरून माझी रोज फिरकी घ्यायचा. एका दुपारी आला तो स्वतःचंच डोकं तासलेलं घेऊन. मी चिडवायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं.

"मामा, मागचं शॉकअप बदलायचंत."

मी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर वजन टाकलं आणि हात काढला. चांगला शॉकअप असला तर गाडी एकदा उठून जागेवर बसते. ही पाळण्यासारखी झुलत राहिली. मी दोन जोड्या काढून पुढ्यात ठेवल्या. एक हार्ड, माल वाहणाऱ्या गाडीची. दुसरी मऊ, माणसं नेणाऱ्या गाडीची.

"हार्डच घे बाबा. मऊ टाकलेस तर पोत्यांखाली वर्षभरात तेल ओकतील."

त्यानं दोन्ही जोड्यांचे दांडे तळहातानं दाबून बघितले. "हार्ड टाकलं तर रिकामी गाडी आदळंल का?"

"आदळणारच. पण रिकाम्या गाडीत मागं बसतंय कोण?"

"हाय... बसणारं."

मग तो जॅकवर टेकला आणि सांगायला लागला. त्याची बायको नकुशी, दिवस भरलेली. कळा सुरू झाल्या तशी तिला केबिनमध्ये बसवेना. मागं घोंगडी अंथरून निजवली आणि निघाला दौंडच्या दवाखान्याला.

"म्हैनाभर म्हणत व्हती वो, शॉकअप बदला, लई आदळतंय. आन् म्या टेप बसवला, मामा. शॉकअप न्हाई. टेप."

आपल्याकडं मागं बसलेल्या माणसानं केबिनच्या पत्र्यावर एक थाप मारली की थांब, आणि दोन मारल्या की चल. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे. नकुशीनं थाप मारली होती. पण खड्ड्यांत गाडी अशी आदळत होती, की पत्रा सारखा आपणच वाजत होता.

"एक का दोन, कळंचना. म्या म्हणलं, चल म्हणतीया. म्या आजून दामटली. दौंडात मागचा फाळका उघाडला तर..."

नकुशी गेली होती. लेकरूही पोटातच गेलं होतं.

"दहाव्याला नदीवर कावळा शिवंना. आमचं आबा म्हणलं, तुझ्या आईला संभाळू. तिचा भाऊ म्हणला, माहेरची वळख तोडणार न्हाई. कावळा लांबच. मंग म्या म्हणलं, नकुशे, शॉकअप बदलतो. म्हणतोय तवर शिवला."

मला रडू आवरेना. म्हातारा माणूस, ग्रीसच्या हातानं डोळे पुसत मऊ जोडी बसवायला खाली शिरलो.

काम होईस्तोवर दिवेलागण झाली. हायवेवर गाड्या होत्या, पण गॅरेजात एकदम सामसूम झाल्यासारखं वाटलं. बिरदेवनं फाळका उघडला, आत घोंगडी नीट अंथरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बस..."

स्प्रिंगच्या पाट्यांनी करकर केली. गाडी मागून दबली आणि सावकाश स्थिर झाली. मागं कुणी नव्हतं. आणि डिझेलच्या त्या कोंदट जागेत वास आला... ओवा-शेपाच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. बिरदेवनं फाळका लावला, आवाज होऊ न देता. हमरस्त्याला लागेपर्यंत गाडी त्यानं पायी चालल्यासारखी नेली.

तेव्हापासून दर साली, त्याच दिवशी तो येतो. मालाखाली मऊ शॉकअप गेलेले असतात, मी नवे बसवतो. तो फाळका उघडतो, घोंगडी अंथरतो, "बस" म्हणतो. गाडी एकदा दबते. मला सवय झाली म्हणा ना. माणसाला कशाचीही सवय होते.

पण तिसऱ्या साली गाडी दोनदा दबली. आधी अगदी हलकी, मांजर चढावं तशी. मग जड. मी बिरदेवकडं बघितलं. बाई गाडीत चढताना काय करते? आधी कडेवरचं आत ठेवते, मग आपण चढते. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी दोन पावलं मागं सरलो.

बिरदेव मात्र हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसताना बघितला मी त्याला. "बसाय लागलंय, मामा," म्हणाला. आणि मग फाळक्याला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तो हलका दाब दर साली थोडा वाढत गेला. मी जीभ आवरली, कुणाला बोललो नाही. त्याचं लेकरू वाढतंय, त्यात मी कोण बोलणार?

मागच्या साली "बस" म्हणायच्या आतच गाडी दबली. कुणीतरी उडी मारून चढलं होतं. गाडी थुईथुई हलायला लागली... मऊ शॉकअप, नवे कोरे, तरी थांबेनात. मग सावकाश तो जड दाब आला आणि हलणं एकदम थांबलं, आईनं दंड धरल्यावर थांबावं तसं. बिरदेव चालकाच्या जागेवर जाऊन बसला. चावी फिरवली नाही. नुसता कान देऊन वाट बघत राहिला.

पत्र्यावर दोन थापा पडल्या. हौद्याच्या तळापासून माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, छोट्या हाताच्या.

तेव्हा कुठं त्यानं गाडी चालू केली.

...आवाज आला का? त्याचीच पिकप, वळणावर गिअर टाकतोय. कंदील जरा अलीकडं घ्या. आणि त्यानं फाळका उघडला की तुम्ही पुढ्यात उभे राहू नका. बाजूला सरा. पोराला चढायला वाट लागते.