बोटाखालचं अक्षर

त्या टीव्ही केंद्रात मी गेले होते भांडायला. प्रेमात बिमात पडायला मला फुरसत तरी कुठे होती? पहिलीचा वर्ग, छप्पन्न मुलं, आणि घरी 'हिचं कधी जमायचं' म्हणून सुस्कारे टाकणारे बाबा.

भांडणाचं कारण होतं 'पान उलटूया' हा कार्यक्रम. तो दर बुधवारी शाळेच्या वेळात लागायचा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत गोष्ट यायची आणि मागून एक आवाज ती वाचून दाखवायचा. मुलं जीव टाकायची त्या आवाजावर. आवाजदादा म्हणायची त्याला. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण माझा अख्खा वर्ग आता पुस्तक हातात धरून घडाघडा गोष्ट म्हणायचा, आणि निम्म्यांनी पुस्तक उलटं धरलेलं असायचं!

"मुलं वाचत नाहीत, पाठ म्हणतात!" काउंटरवरच्या माणसाला मी झाडत होते. "तो तुमचा आवाजदादा गाडीसारखा सुटतो. पोरांची नजर शब्दावर ठरायला नको?"

"बाई, आवाज जरा कमी करता का?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"मी का कमी करू? कमी करायचा तर त्या—" मी गर्रकन वळले… आणि तोंडात मारल्यासारखी गप्प झाले. ऐकल्या ऐकल्या ओळखला मी तो आवाज.

उंच, जरासा वाकलेला. शर्टाचं एक बटण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं. आणि डोळ्यांत हसू, तेही दाबलेलं.

"मीच तो," तो म्हणाला. "गाडीसारखा सुटणारा."

आरडाओरडा ऐकून कार्यक्रमाच्या निर्मात्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातला तक्रारअर्ज उभ्या उभ्या वाचला. "मग काय करावं म्हणता?"

"सोपं आहे. शब्दाखाली बोट ठेवा. अक्षर-अक्षर सरकणारं. मुलांना कळू दे, आवाज कुठून येतोय ते."

मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तुमचं चालेल?"

अशी मी टीव्हीवर गेले, म्हणजे माझं एक बोट गेलं. शाळेने बुधवारची सवलत दिली. तिरप्या टेबलावर कार्ड ठेवायचं, वर कॅमेरा, दोन्ही बाजूंनी रणरणते दिवे. मेकअपवाले काका गंभीर चेहऱ्याने माझ्या तर्जनीला पावडर लावायचे. बाजूच्या स्टुलावर तो बसायचा, हातात कागद, तोंडासमोर माईक. आमचे चेहरे कधीच कुणाला दिसले नाहीत. मुलांनी माझंही बारसं केलं — बोटताई. तो दादा, मी ताई… झालं, भाऊ-बहीणच करून टाकलं आम्हाला!

सुरुवातीला दर बुधवारी ठिणगी पडायची.

"तुमचं बोट लंगडतंय, बाई."

"तुमचा आवाज उधळतोय."

"गोष्टीला लय असते हो. असं ठेचकाळत ऐकेल कोण?"

"आणि असं भरधाव वाचेल कोण?"

कॅमेरावाले काका कपाळाला हात लावायचे. पण दोन-तीन महिन्यांत काय झालं कुणास ठाऊक, तो थांबायला लागला. माझं बोट अक्षराखाली टेकलं की त्याचा श्वास तिथे टेकायचा. मी सरकले की तो सरकायचा. कधी मी मुद्दाम एखाद्या काना-मात्र्यावर रेंगाळायचे, आणि तोही तो स्वर लांबवत बसायचा… मग माईक बंद झाल्यावर म्हणायचा, "बाई, बोटावर नाचवताय मला."

"नाचता कशाला मग?"

"बोट चांगलं आहे म्हणून."

माझे कान तापायचे. दिव्यांमुळे हो… दुसरं काय!

आणि मग ती चूक झाली. माझ्या हातून, म्हणजे मी आजवर केलेली सगळ्यात सुंदर चूक. गोष्ट बदकाची होती. मी गडबडीत पुढच्या आठवड्याचं कार्ड ठेवलं, माकडाचं. दिवे लागले. कार्डावर लिहिलेलं 'माकड झाडावर चढलं'. मी बोट ठेवलं आणि शेजारून तो म्हणाला, "बदक… तळ्यात… उतरलं."

मला वाटलं, त्याच्या हातातल्या कागदावर बदक आहे, म्हणून. मी त्याच्याकडे पाहिलं, भुवई उडवली, कार्डावर बोट आपटलं. त्याने कार्डाकडे पाहिलं. नीट, डोळे रोखून पाहिलं. आणि हसून पुढे म्हणाला, "बदकाने… पंख… झटकले."

माझा वर्ग आठवला मला. उलटी पुस्तकं धरून गोष्ट म्हणणारी मुलं.

मी जोरात खोकले. "थांबवा! कार्ड चुकलं माझं!" मॅडम चिडल्या, टेप वाया गेली म्हणून दोन शब्द सुनावले. मी मुकाट्याने ऐकून घेतले.

जेवणाच्या सुट्टीत तो कार्डांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "कळलं ना तुम्हाला?"

मी नुसती मान हलवली.

"ताई वाचून दाखवते आदल्या दिवशी. माझी थोरली बहीण. दोनदा ऐकलं की पाठ होतं." तो कपाटाला टेकला. "आमच्या शाळेत तेव्हा नवी पद्धत आली होती. अक्षरं शिकवायची नाहीत, गोष्टी ऐकवायच्या, मूल आपोआप वाचायला लागेल. बरीचशी लागलीही. मी पाठ करायला लागलो."

"आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"पाठांतरात पहिला नंबर यायचा हो माझा!" तो हसायला गेला, पण ते हसू ओठांवरच अडलं. "शाळा सुटली, आता लाज सुटत नाही. सांगणार आहात मॅडमना?"

"बसा," मी म्हटलं. मी खडू घेतला, कपाटाच्या लाकडी दारावर 'ब' काढला, आणि त्याखाली बोट ठेवलं.

पुढचे तीन महिने आमची सुट्टी त्या खोलीत गेली. डबा एकीकडे, खडू एकीकडे. हा एवढा मोठा माणूस, पण जोडाक्षर आलं की घामाघूम. एकदा 'प्रश्न' या शब्दापाशी अर्धा तास अडला. शेवटी सुटला तेव्हा असा काही हसला की मी दुसरीकडेच पाहत बसले. अशा हसण्याची मला सवय नव्हती.

"बोट काढू नका, बाई. ते नसलं की अक्षरं पळतात."

"बोट दिलं की हात धरायची सवय दिसते तुम्हाला."

"अजून धरलाय कुठे…"

"पुढची ओळ वाचा!"

एवढ्यात वर खांदेपालट झाली. नवे अधिकारी, नवी समिती. केंद्रात दोन तट पडले, अक्षरवाले आणि गोष्टवाले. अक्षरवाल्यांना वाटे, गोष्टवाले मुलांना हवेत सोडतात. गोष्टवाल्यांना वाटे, अक्षरवाले मुलांना घाण्याला जुंपतात. चहाचे टेबलसुद्धा वेगळे झाले! समितीचे अध्यक्ष, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत, पक्के गोष्टवाले. ते म्हणाले, "हे बोट म्हणजे छडीची धाकटी बहीण आहे. काढून टाका. आवाज पुरे."

म्हणजे मी जाणार. पुन्हा मुलं उलटी पुस्तकं धरणार. आणि डॉक्टरसाहेबांचा हुकमाचा पत्ता कोण, तर आवाजदादा! 'बघा, गोष्टींवर वाढलेला माणूस कसा वाचतो!'

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही त्या समितीवर होत्या, अक्षरवाल्यांच्या पुढारी. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू त्याच्या शेजारी बसतेस. त्याचं काही उणं असेल तर सांग. एका वाक्यात बाजी उलटेल."

खरंच उलटली असती. ते एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण त्या वाक्याने त्याला भर चौकात उभं केलं असतं, आणि ते माझ्याच्याने होणार नव्हतं. "काही नाही हो," मी म्हटलं. घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. मुलांसाठी रडले की त्याच्यासाठी, माझं मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बजावलं. "समितीच्या बैठकीत तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमची नोकरी आहे ती. मला शाळा आहे."

तो खडूची पूड बोटांनी झटकत राहिला.

बैठकीला लांब टेबल, पाण्याचे ग्लास, बारा-पंधरा माणसं. ठरावाचा कागद आला. डॉक्टरसाहेब प्रेमाने म्हणाले, "आवाजदादांनीच वाचावा. कानाला गोड लागेल."

हा कागद त्याच्या ताईने वाचून दाखवलेला नव्हता. मी ताडकन उठले. "त्यांचा घसा बसलाय! मी वाचते."

"घसा ठणठणीत आहे माझा," तो म्हणाला.

त्याने कागद टेबलावर सरळ केला आणि पहिल्या शब्दाखाली स्वतःचं बोट ठेवलं.

"का… र्‌… कार… कार्य…" बोट सरकलं. "कार्य… क्र… मा… तू… न. कार्यक्रमातून."

कुणीतरी हसलं. लहान मुलाची नक्कल करतोय असं वाटलं त्यांना. तो थांबला नाही. कपाळावर घाम, आवाज फाटलेला. दोन ओळींना त्याला चार-पाच मिनिटं लागली. हळूहळू हसू विझलं. 'बोट वगळण्यात यावे' इथपर्यंत तो पोचला आणि त्याने मान वर केली.

"हे नाटक नाही," तो म्हणाला. "मला एवढंच येतं. तीन महिन्यांपूर्वी हेही येत नव्हतं. गोष्टींनी मला गोडी लावली, साहेब, उपकार आहेत त्यांचे. पण दार उघडलं ते या बाईंच्या बोटाने. ते काढू नका."

मला रडू फुटलं. आणि रागही असा आला होता की बोलायची सोय नाही.

समितीने काय केलं? समितीने उपसमिती नेमली! उपसमितीने बोट राहू दिलं. गोष्टीही राहू दिल्या. फक्त वाचनाच्या कार्यक्रमात अक्षरशत्रू माणूस कसा ठेवायचा, लोक काय म्हणतील, असं म्हणून त्याला पुष्पगुच्छ देऊन निरोप दिला.

जिन्यात मी त्याला गाठलं. "कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, बाई. वर्गात खोटं चालतं तुमच्या?"

"तो काय वर्ग होता?"

"माझ्यासाठी होता." पुष्पगुच्छ माझ्या हातात कोंबून तो गेला. मी वेडी, नुसती बघत राहिले.

नवा आवाज आला. पदवीधर, शुद्ध, एकही चूक नाही. माझं बोट मात्र मागे पडायला लागलं. बदकाच्या गोष्टीचं पुनःप्रक्षेपण झालं त्या दिवशी मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. मुलं आत त्याच्या आवाजाबरोबर एक-एक अक्षर वाचत होती. पुस्तकं सुलटी होती. आनंद व्हायला हवा होता ना मला? मला फक्त तो हवा होता.

त्याच्या ताईंकडून पत्ता काढला. तो बसस्टँडवर लागला होता, घोषणा करायला. मी गेले तेव्हा भुरभुर पाऊस होता, माझी छत्री घरी, केस ओले. घोषणेच्या काचेच्या खोलीत तो एका चिठ्ठीवर वाकला होता. बोट ठेवून वाचत होता. खरंखुरं वाचत होता! त्याने वर पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवत उठला.

"या… या ना. मी येणारच होतो. म्हणजे… चार दिवस तयारी करतोय. ताईने बोलून घेतलं माझ्याकडून. सगळं पाठ केलंय."

"काय पाठ केलंय?"

त्याने छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं… मिटलं. पुन्हा उघडलं. कानापर्यंत लाल झाला.

"विसरलो," तो पुटपुटला. "देवाशप्पथ, आयुष्यात पहिल्यांदा!"

"मग पाठ नसलेलं बोला."

बाहेर गाडी घरघरत होती. खिडकीवर कुणीतरी टकटक केलं. तो हलला नाही.

"मला तुम्ही हव्या आहात," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "शिकवायला नाही. शिकवू नका हवं तर. नुसत्या… शेजारी असा. रोज. बुधवारीच नाही."

"एवढंच?"

"अजून जोडाक्षरं जमत नाहीत."

मला हसू आलं आणि रडूही आलं. टेबलावरचा त्याचा हात मीच धरला. त्याने धरायची वाट पाहत बसले असते तर अजून बाई-बाईच चाललं असतं.

"हो," मी म्हटलं. "ती चिठ्ठी वाचा आता, लोक खोळंबलेत."

त्याने वाचली, माझ्याकडे बघत बघत. आणि दोन नंबरच्या फलाटावरचे चाळीस-पन्नास प्रवासी सामानसुमान, पोरंबाळं घेऊन पावसातून पाच नंबरला पळाले. गाडी सुटली दोनवरून, रिकामी. त्याने स्टँडच्या साहेबांचा ओरडा खाल्ला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. चूक वाचण्याची नव्हती, असं तो अजूनही शपथेवर सांगतो.