ताणून बांधलेली बोट

माझा एक दोस्त एका संध्याकाळी दोरी आणायला निघाला. जाड दोरी, वीस हात. दुकानदाराशी भांडून घेतली, कारण न भांडता त्याने आयुष्यात टाचणीसुद्धा घेतली नव्हती. वेल्डर होता. आम्ही त्याला ठिणगी म्हणायचो. चाळीस वर्षं गोदीत लोखंडाशी जमलं, माणसांशी कधी जमलं नाही.

ए चष्मेवाल्या, दाराकडे काय बघतोस? भूत अजून आलेलं नाही. आलं की सांगतो.

तर घरात धाकट्या भावाने सुनावलं होतं, "दादा, एक तर हा कुत्रा राहील, नाहीतर आम्ही."

"तुम्ही राहा की," ठिणगी म्हणाला. "आम्ही दोघं निघालो."

कुत्र्याचं नाव साहेब. गोदीतल्या साहेबांना द्यायच्या राहून गेलेल्या शिव्या तो याला घालायचा. हा शेपूट हलवत ऐकून घ्यायचा.

कालव्याच्या काठाला एक जुनी मालवाहू बोट विकाऊ होती. ठिणगीने तिच्यावरच बिऱ्हाड थाटलं. आता बोटीत राहायचं म्हणजे काय, तर उठलं की डोकं आपटतं आणि आडवं झालं की गुडघा. साहेबाची तऱ्हा वेगळी. बोटीवर तंगडी वर करायला तो तयारच होईना. खानदानी कुत्रा! रात्रीतून तीनदा त्याला फळीवरून काठावर न्यायचं. फळी ओली. पहिल्या आठवड्यात दोघंही दोन-दोनदा पाण्यात.

कालव्याच्या दारांवर एक पहारेकरी असायचा. त्याने बजावलं, "काका, दोरी सैल ठेवा. रात्री वरची दारं लावतात, पाणी उतरतं. ताणून बांधलीत तर काठाकडची बाजू टांगली जाईल अन् पलीकडची पाण्यात. आधीची मालकीण, ती म्हातारी, बावीस वर्षं एकटी राहिली हिच्यावर. रोज रात्री दोनला उठून दोरी सैल करायची. गेली तीही ह्याच बोटीत."

"मला शिकवू नकोस!"

वेल्डरच तो. हललेलं काही त्याला खपत नसे. नवी दोरी त्याने करकचून आवळली.

सकाळी दोरी सैल. आणि एक बूट पाण्यात.

पुन्हा आवळली. पुन्हा सैल. दुसराही बूट पाण्यात.

"धाकट्याचंच काम!" ठिणगी पेटला. "घरातून काढलं, आता इथूनही काढतोय नालायक. सापडू दे, तंगडं मोडून हातात देतो."

तारीखही सांगतो. नोव्हेंबरची सतरा, मंगळवार. हातात पान्हा घेऊन तो अंधारात दबा धरून बसला. दोन वाजले. फळी दबली. कुणी चढल्यावर दबते, तशी.

फळीवर कुणी नव्हतं.

साहेब भुंकला नाही. शेपूट हलवत पुढे गेला, बसला, आणि त्याने हवेत पंजा दिला.

"कोण आहे? समोर ये!"

...

गाठ सुटत होती. आपोआप. सावकाश. मग ठिणगीची चप्पल उडाली... डुबुक.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. हा चिडला. भुतावर! "माझी बोट आहे ही! फुकट नाही घेतली!" साहेबाला तर फितूर म्हणून पुढच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली. मग दोरी फेकून दिली, साखळी काढली, काठावरच्या कड्याला ताणली आणि शेवटचा दुवा तिथल्या तिथे वेल्ड करून टाकला.

"सोड आता! सोडून दाखव!"

कुणी सोडली नाही.

पाणी उतरत होतं. बोट कलली. आतलं कपाट घसरत जाऊन साहेबाच्या दारावर आदळलं. पलीकडच्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. दिवे गेले. वेल्डिंगचं मशीन गेलं. साहेब भुंकत होता. ठिणगी साखळीवर हातोडा घालत होता. तुटणार कशी? चाळीस वर्षांत त्याचा एकही जोड सुटला नव्हता. स्वतःलाच शिव्या घालत तो घाव घालत राहिला.

भुंकणं बारीक झालं.

मग... थांबलं.

ठिणगी गुडघ्यावर बसला. हे त्याने मला स्वतः सांगितलंय, आणि सांगतानाही चिडलेलाच होता. म्हणाला, "बाई... चुकलो. राग माझ्यावर काढा. त्याच्यावर नको."

...

...

साखळी पडली.

बोट धाडकन सरळ झाली. ठिणगी आत धावला. कपाट लोटलं. कडी बाहेरून तशीच घातलेली. दार उघडलं. आत मांडीपर्यंत पाणी. भिंती वरपर्यंत ओल्या. वरच्या फळीवर साहेब बसलेला.

जिवंत. आणि कोरडा ठणठणीत.

ठिणगीने त्याला कवटाळलं, आणि घाण घाण शिव्या देत रडला.

उजाडल्यावर त्याने साहेबाला नीट बघितलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पाठीच्या मधोमध, कुणीतरी भांग पाडला होता. फणीने पाडावा तसा, सरळ.

मी स्वतः तो विस्कटून पाहिलाय. ठिणगीने तर चिडून साहेबाचे सगळे केस कातरले.

नवे केस आले. भांग पाडूनच आले.