पाठ बघा

ही गोष्ट खरी आहे. गळ्याशपथ खरी. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा जिवलग मित्र. जिवलग म्हणजे, आम्ही एकाच कचेरीत होतो. एकाच कचेरीत म्हणजे, त्याची खोली वरच्या मजल्यावर, माझी खाली, आणि जिन्यात गाठ पडायची. झालं, भाचीबाई हसल्या. हसा. फक्त दाराकडे पाठ करून बसला आहात, तेवढं जरा सरकून बसा. आणि दिवे मी घालवलेले नाहीत. आज तरी नाही.

तर हा मित्र शिकारी पक्ष्यांच्या मागावर असे. बंदूक घेऊन नव्हे. गरुड, ससाणे जाळ्यात धरायचे, मापं घ्यायची, पाठीवर बोटाच्या पेराएवढा ट्रान्समीटर पट्ट्यानं बांधायचा आणि द्यायचं सोडून. पुढे तो ट्रान्समीटर टिक टिक करत राहतो, आणि आमचा मित्र गळ्यात रिसीव्हर नि हातात अँटेना घेऊन ती टिकटिक हुंगत रानोमाळ फिरतो. अँटेना थेट माशाच्या काट्यासारखा, मधे कणा आणि दोन्हीकडे फासळ्या. त्यावरून कचेरीत त्याचं नाव पडलं काटेराव. आपणही तेच म्हणू.

या टिकटिकीची एक गंमत आहे. नीट ऐका, पुढे लागेल. पक्षी हालचाल करत असला तर ठोका सावकाश पडतो. टिक... टिक... झोपेतसुद्धा पाखरू पिसं फुलवतं, पाय बदलतं, तेवढं पुरतं. पण काही मिनिटं अगदी निपचित राहिलं, की ठोका धावायला लागतो. टिकटिकटिकटिक. म्हणजे आपल्या छातीच्या उलटं. सावकाश तो जिवंत, घाईत तो मेलेला.

आणि दुसरं. एकट्या माणसाला दिशा कळते, अंतर कळत नाही. पक्षी त्या अंगाला आहे एवढंच. हाकेवर आहे की दोन डोंगर पलीकडे, ते कळायला दुसऱ्या टेकडीवर दुसरं माणूस लागतं. दोघांनी आपापली दिशा सांगायची, नकाशावर दोन रेघा ओढायच्या, रेघा जिथे छेदतील तिथे पक्षी. काटेरावांचं दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. आमच्या वहिनी.

दोन टेकड्या होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीवर हे, धाकटीवर त्या. वॉकीटॉकीवर नावं तीच. "थोरली ऐकतेय का? धाकटी बोलतेय. दोनशे चाळीस." "दोनशे चाळीस. कळलं." अशा रात्रीच्या रात्री नवरा-बायको अंशांत संसार करायचे. बाकीच्यांची भांडणं शब्दाशब्दावरून होतात, यांची पाच-दहा अंशांवरून व्हायची.

वहिनींचा एक टोमणा होता. अँटेनाला समोरून जोरात ऐकू येतं, तसं थोडं मागूनही येतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काटेराव एका ससाण्यामागे तीन तास वणवण फिरले, आणि ससाणा त्यांच्या बरोब्बर मागे, त्यांच्याच जीपच्या टपावर बसलेला. तेव्हापासून वहिनींचं पालुपद ठरलं. पाठ बघा. चष्मा सापडत नाही? पाठ बघा. रस्ता चुकलो? पाठ बघा. ऐकून ऐकून काटेराव कावायचे.

पट्ट्याला एक टाका सुती दोऱ्याचा घालतात. मुद्दाम कच्चा. दोन-तीन वर्षांत ऊनपावसानं तो कुजतो, पट्टा गळून पडतो, पक्षी मोकळा होतो. तो टाका वहिनी घालत. त्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांची गाठ उलटी बसायची, शंभरात ओळखू यावी अशी. आणि दोरा कात्रीनं कापायच्या नाहीत. दातांनी तोडायच्या. "कात्री हरवते," म्हणायच्या, "दात अजून जागेवर आहेत."

मार्चमध्ये वहिनी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं.

काटेराव रडले नाहीत. सगळं उरकून घरी आले, चहा टाकला, दोन कप भरले, एक मोरीत ओतला. पुढच्या आठवड्यात कामावर. लोक म्हणाले, माणूस धीराचा. धीर कसला... दात काढताना भूल देतात ना, मग आपलाच गाल चाचपला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. रोज रात्री दोन्ही वॉकीटॉकी चार्जिंगला लावायचे. आपला आणि तिचा. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. धाकटीवर मात्र पाऊल ठेवलं नाही. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिनं एकदाच विचारलं, "बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" त्यावर हे नुसतंच "हं" म्हणाले. पुढे तिचे फोन कमी कमी होत गेले.

वहिनींनी बांधलेले पट्टे एकेक करून गळाले, कुणाची बॅटरी संपली. शेवटी राहिली एकच, गरुडाची मादी. तिचं नाव दोघांनी ठेवलं होतं विहीणबाई. मान फुगवून बसायची, आणि कुणी कितीही बोलावलं तरी आपल्याच वेळेला यायची.

नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. चंद्र नव्हता. सकाळी विहीणबाईंचा ठोका घाईत लागला. दुपारी घाईत. संध्याकाळीही घाईत. म्हणजे संपलं. कचेरीतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, उद्या सोबत कुणाला तरी देते, मग जा. काटेरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन लेकीला फोन लावला. कधी नव्हे ते आपणहून.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईच्या हातचं ते शेवटचंच ना?"

"हं."

"हं म्हणू नका. आजच जा. सकाळपर्यंत कोल्हा काही ठेवणार नाही. आणि बाबा, गाठ सोडू नका. तशीच आणा. मला ती बघायची आहे."

निघाले. सॅकमध्ये बॅटरी, पाण्याची बाटली, आपला वॉकीटॉकी. आणि तिचाही, बंद केलेला. शेजारी शेजारी होते म्हणून उचलले गेले म्हणा.

सव्वानऊला थोरलीवर. अँटेना फिरवला. टिकटिकटिकटिक. मागची बाजू तपासली, मागे काही नाही. आवाज सरळ समोरून येत होता.

समोर धाकटी.

काटेराव थोडा वेळ उभे राहिले. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. काहीच नाही. उतरले, मधला ओढा ओलांडला, धाकटीच्या पायथ्याला दगडी बांध आहे तिथे टेकले. सॅक काढून बाजूला ठेवली, बाटली काढून दोन घोट पाणी प्यायले. डोळे मिटले असतील क्षणभर. त्यांना आठवत नव्हतं.

सॅक पाठीला लावून उठले आणि थबकले.

टिक... टिक... टिक...

सावकाश.

दिवसभर मेलेला पक्षी हलला होता.

आता गरुड हा दिवसाचा पक्षी. अंधार पडला की फांदी धरून बसतो, उजाडेपर्यंत जागचा उठत नाही. पण ठोका सावकाश होता. काटेराव चढायला लागले. आवाज वाढायला हवा, वाढला नाही. पक्षी लांब जात असेल तर उतरायला हवा, उतरला नाही. होता तेवढाच राहिला. जणू काही तरी त्यांच्या पुढे, त्यांच्याच चालीनं, टेकडी चढत होतं.

उडत नव्हतं. चालत होतं.

माथ्यावर एक सपाट धोंडा आहे. वहिनींची बसायची जागा. त्यावर जाऊन बसले. सॅक पाठीलाच. समोर थोरली, काळी. तिथून इतकी वर्षं इथे बसलेली बायको आपल्याला कशी दिसत नसेल, एवढंच मनात आलं. मग तेही गेलं. बसून राहिले. हात मांडीवर. नजर कुठेच नाही. किती वेळ...

टिकटिकटिकटिक.

पुन्हा मेलं.

काटेरावांनी अँटेना उचलला. उत्तरेला धरला, जोरात. दक्षिणेला धरला. तेवढंच जोरात. पूर्व. पश्चिम. सगळीकडून सारखंच. आणि ठोका पुन्हा सावकाश झालेला.

सगळ्या दिशांनी सारखंच आलं तर त्याचा अर्थ एकच असतो. जवळ आहे. फार जवळ.

रिसीव्हरचा आवाज कमी केला. ऐकू येतंय. आणखी कमी. येतंय. अगदी तळाला आणला.

टिक...

टिक...

मग त्यांनी अँटेनाची वायरच काढली. वायर काढल्यावर रिसीव्हर बहिरा होतो. हातभर अंतरावरचं सोडून बाकी काही त्याला ऐकू येत नाही.

टिक...

हातभर. बॅटरी मारली. धोंडा. गवत. आपलेच बूट. पक्षी नाही, पीस नाही. वारा नव्हता. खाली ओढ्याचा आवाज येत होता, तोही... थांबल्यासारखा वाटला.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. बसून राहिले. ठोका हळूहळू पुन्हा...

आणि सॅकमध्ये खरखर झाली.

बंद वॉकीटॉकी. तिचा.

"थोरली... ऐकतेय का? धाकटी बोलतेय."

काटेराव हलले नाहीत. पण सवय कुठे जाते? म्हणाले, "ऐकतेय. सांग."

काही नाही. नुसती खरखर. मग अगदी नेहमीच्या, जरा कावलेल्या सुरात...

"पाठ बघा."

...

मागे वळले. कुणी नव्हतं.

मग कळलं. हळूच सॅक उतरवली. पुढ्यात घेतली. सॅकच्या वरच्या बंदाला, जिथे आपण खुंटीला अडकवतो ना, तिथे विहीणबाईंचा पट्टा होता. ट्रान्समीटरसकट. बांधलेला. कातडी पट्टी तीन वर्षांच्या उन्हानं काळी ठिक्कर पडलेली. आणि टाका पांढराशुभ्र. नवा दोरा.

गाठ उलटी.

बांधापासून वर काटेरावांच्या पुढे कुणी चालतच नव्हतं. ते चालले की ठोका सावकाश, ते बसले की ठोका घाईत. आता मला सांगा, झोपलेलं पाखरूसुद्धा त्या यंत्राला जिवंत वाटतं, आणि हा माणूस जागा होता, पाठीवर ते ओझं होतं, श्वासाबरोबर तरी हलायला नको? तसे किती महिने ते बसत होते, कुणास ठाऊक.

त्यांनी पट्टा बंदासकट तळहातावर धरला. रिसीव्हर शेजारी. वाट पाहिली. ठोका धावेना. टिक... टिक... सावकाशच. खूप वेळ सावकाशच. मग खाली बघितलं तर हात लटलटा कापत होते, आणि थांबवता येत नव्हते.

उजाडता उजाडता खाली उतरले, जीप काढली ती थेट लेकीच्या दारात. तिनं दार उघडलं. यांनी सॅक पुढे केली. तिनं गाठ पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं, दोन वेळा फिरवलं. मग गाठीकडे बघायचं सोडून बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. आत नेऊन बसवलं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, पण दुपारपर्यंत डोळे सुजलेले होते, दोघांचेही. त्यानंतर ती रोज फोन करायला लागली. ते हं म्हणाले तरी.

चार दिवसांनी विहीणबाई दिसल्या. धडधाकट. थोरलीवर घिरट्या घालत होत्या, पाठ मोकळी. म्हणजे जुना टाका कुजला होता, पट्टा गळून कुठेतरी गवतात पडला होता, म्हणून सकाळपासून ठोका घाईत. इथपर्यंत सगळं सरळ आहे. तो गवतातून सॅकवर कसा आला, तेवढं विचारू नका.

एक गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली नाही. मला सांगितली, जिन्यात, उतरता उतरता, माझ्याकडे न बघता. धाकटीवर त्यांनी बॅटरीच्या उजेडात त्या नव्या दोऱ्याचं टोक पाहिलं होतं. कात्रीचं नव्हतं. दातांनी तोडलेलं होतं.

आणि बोट लावलं तेव्हा... ओलं होतं.

...

आता भाचीबाई, अशा बघू नका. कबूल करतो. मघाशी शपथ घेतली खरी, पण एक जागा माझ्या पदरची आहे. वॉकीटॉकी. त्यातून काही आवाज आला नाही. मी मुद्दाम विचारलं होतं त्यांना, वहिनी काही बोलल्या का. ते म्हणाले, नाही हो. पट्टा सापडल्यावर तिचा वॉकीटॉकी चालू केला आणि उजाडेपर्यंत कानाला लावून बसलो. एक शब्द आला नाही.

मला ते बघवलं नाही. म्हणून तेवढे दोन शब्द मी घातले.

दोरा मात्र माझा नाही.