दिवा लागेपर्यंत

प्रणिताची कूस उजवेपर्यंत दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन धरीन, असं मी कपिलधारच्या मन्मथस्वामींना बोलले होते. लेकीसाठीचं हे व्रत माझ्या सुनेनं, कावेरीनंही धरलं. संगमेशच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती कॉम्प्युटर सांभाळायची. सोमवारी मी डबा घेऊन गेले की बोलायचं ते पडद्यावर टाइप करायची. "आत्याबाई, आज बी वांगंच? तुमचा लेक रुसल." हसू आवरताना दोघींची पुरेवाट व्हायची.

अशाच एका सोमवारी, दिवेलागणीआधी घरी येताना टेंपोनं तिला उडवलं. आम्ही तिला माती दिली. तिच्या कॉम्प्युटरच्या मशीनला मग कुणी हात लावला नाही. महिनाभरात तेही जळालं.

दोन वर्षांनी, २०१० साली, प्रणिता बीडच्या दवाखान्यात बाळंत होत होती. वार सोमवारच. दुपारी रक्त थांबेना. ओ निगेटिव्ह कुठंच मिळेना. अशा रक्ताच्या माणसांची यादी कावेरीनं केली होती, त्या जळालेल्या मशीनवर.

संगमेश मला घेऊन लॅबमध्ये धावला. "आई, मशीन गेलं, पण त्याचा बॅकअप हाय. सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमधी जुनं अख्खं मशीन ह्या नव्याच्या पोटात उठवता येतं. व्हर्च्युअल मशीन म्हणत्यात. डबा न्हाई, वायर न्हाई... पण आतून तेच."

मेलेलं, देहावाचून उठवायचं? मौन होतं, म्हणून विचारलं नाही.

पडदा उजळला. तिनं लावलेलं बेलपानाचं चित्र. कोपऱ्यातल्या घड्याळात चार वाजलेले, ती गेली त्या सोमवारचे. खोलीत उगाच ओल्या विभूतीचा वास दाटला.

यादीत जवळचं एकच नाव होतं, आश्रुबा, पाली. फोन लागेना. संगमेश गाडीची किल्ली शोधू लागला. मी पडद्यापुढं बसले होते. कीबोर्डवर कुणाचाच हात नव्हता. आणि अक्षरं उमटू लागली... एकेक, तिच्याच संथ चालीनं.

"आत्याबाई, आश्रुबा पालीला न्हाईत. नांदूरघाटला लेकीकडं हायत. शाळेमागं."

मौन होतं; ओरडता येईना. मी संगमेशची बाही ओढली, बोट दाखवलं.

"हे... तू टाइप केलंस?"

मला कुठलं येतंय! मी मान हलवली. तो किल्ली घेऊन नांदूरघाटला पळाला.

आश्रुबा भेटले. रक्त दिलं. प्रणिता वाचली, नात झाली. जाताना ते म्हणाले, "पण तुमाला कळलं कसं? मी तर मागल्याच महिन्यात लेकीकडं ऱ्हायला गेलतो."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले. त्या पडद्यावर अजून चारच वाजले होते. खाली नवी ओळ होती.

"आत्याबाई, दिवा लागला का? बोलू का आता?"

संगमेशनं ते उठवलेलं मशीन पुसून टाकलं, बॅकअपमधून पुन्हा उभं केलं. ओळ तिथंच. "आई... बॅकअप दोन वर्षांपूर्वीचा हाय. ही त्यात यील कुठून?"

माझं मौन सुटलं, तिचं नाही. तिथं संध्याकाळ होतच नाही ना! म्हणून रोज सांजेला मी पडद्यापुढं दिवा ठेवते आणि मोठ्यानं सांगते, "कावेरी, दिवा लागला गं. बोल." कधीतरी तिच्यापर्यंत पोचेल, अशी आशा आहे. त्या मशीनला आवाजाचा डबा नाही. तरी काल कुणीतरी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा.

तुम्हीही आज घरी दिवा लावाल, तेव्हा तिचं नाव घेऊन एकदा सांगा. मोठ्यानं सांगा.